डावी टाच

मिरजेच्या कॉलेजात मज्जारज्जू पहिल्यांदा दिला हातात
तेव्हा धनवडे मॅडम म्हणाल्या, दोन्ही हातांनी धर.
औषधात मुरलेली, मळकट पांढरी दोरी,
जाडीला करंगळीएवढी, लांबीला हातभर,
वजन पस्तीस ग्रॅम.

मी मनात आबांचा काटा लावला:
पन्नास किलोचं पोतं, दिवसाला दीडशे,
एकोणतीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात,
त्याआधी हरिपूरच्या पेवांत उतरून
हळद वर काढली ती वेगळीच.
सगळं ह्या पस्तीस ग्रॅमांनी
निमूट पेललं.

पेवात दोर सोडावा तशी ती कण्यातून उतरते
आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपते.
पुढे नुसते धागे.
पुस्तक त्याला घोड्याचं शेपूट म्हणतं.
मला सुतळी उसवलेलं पोत्याचं तोंड दिसलं.
नसांच्या एकतीस जोड्या, प्रत्येक नसेला दोन मुळं:
मागच्या दारानं बातमी आत,
पुढच्या दारानं हुकूम बाहेर.

रविवारी रबरी हातोडी घरी आणली.
आबांना सांगितलं, गुडघ्याखाली ठोकलं की पाय आपसूक उडतो,
मेंदूला विचारायला कुणी जात नाही,
कण्यापाशीच व्यवहार मिटतो.
मेंदूला कळतं, पण मागाहून.
"म्हंजे रुमालाखालचा सौदा म्हण की," आबा म्हणाले.
पूर्वी अडत्या आणि व्यापारी
रुमालाखाली हात घालायचे,
बोटं बोटांशी बोलायची,
आणि भोवतीच्या मुंडक्यांना
रुमाल निघाल्यावरच पत्ता.
हे मी वहीत लिहून घेतलं,
पेपरात लिहिता येणार नाही, तरी.

गुडघे दोन्ही उडाले.
आबा खूश. आईला हाक मारून पुन्हा उडवून दाखवले.

मग टाचा.
त्यासाठी खुर्चीवर गुडघे टेकायचे, तोंड भिंतीकडे.
देवळातसुद्धा आबा असे कधी बसले नव्हते.
तळवे माझ्यासमोर आले,
भेगाभेगांत हळद,
कुठल्याच साबणाला न जुमानणारी.
उजव्या टाचेवरच्या जाड शिरेवर ठोकलं:
पाऊल चटकन हललं.
डावीवर ठोकलं.
पुन्हा ठोकलं.
म्हटलं, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा
आणि ओढा, दात आवळून.
कधीकधी दडलेली उडी त्यानं बाहेर येते.
आबांनी ओढलं. दंडाच्या शिरा फुगल्या.
डावं पाऊल
कुणा दुसऱ्याचंच असावं तसं लोंबत राहिलं.

"हळू लागली असंल. दे की जोरानं."

कुठला रस्ता बंद पडलाय ते मला ठाऊक होतं:
माकडहाडाच्या वर जे त्रिकोणी हाड, त्यातली पहिली नस, डावी.
मणक्यांमधली गादी सरकून
तिच्या मुळावर बसली असणार.
ह्या उत्तराला पाच मार्क असतात.
मी एवढंच म्हणाले, उद्या पोतं उचलू नका.
"उद्या? उद्या राजापुरीची आवक हाय.
यल्लाप्पा मुकादमाला काय सांगू, टाच उडंना म्हणून?"
आणि खुर्चीवरून उतरताना
डाव्या पायानं फरशी जरा
शोधून काढली.

आई तांदूळ निवडत होती. वर पाहिलं नाही तिनं.

हातोडी पिशवीत ठेवायला दाराशी गेले
तर तिथं आबांच्या चपला.
उजवी नेहमीसारखी.
डावीला मागून एक नाडी शिवलेली,
जुन्या परकराची, लाल,
घोट्याभोवती बांधायला.

कधीपासून, मी विचारलं.

"दिवाळीपासनं," आई म्हणाली,
"वाटंत निघून पडायची.
ह्यास्नी कळायचंच न्हाई."